डोक्याचा मुका मार : बाईचा आणि बाप्याचा

खेड्यापाड्यात डोक्याला मार लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मोटारसायकल खडीवर घसरते, बैल मान झटकतो, झाडावरून पाय निसटतो, शेवाळलेल्या दगडावर धुण्याची बादली घेतलेली बाई पडते, माळ्यावरून एखादे पोते डोक्यात येते. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. थोड्या वेळाने माणूस उठून बसतो, पाणी पितो. जमलेली मंडळी म्हणतात, "वाचलास रे बाबा! थोडक्यात निभावलं."

आणि बहुतेकांचे खरोखरच थोडक्यात निभावते. आज मला बोलायचे आहे ते या थोडक्यात निभावलेल्या माणसांविषयी. दवाखान्यातून ती घरी आलेली असतात. अंगावर जखम नसते, हाडही मोडलेले नसते, दिसायला माणूस धडधाकट. पण कामाला हात घातला की डोके ठणकू लागते, गरगरते, माणूस विसरू लागतो, चिडू लागतो. अशा माणसाने कामावर परतायचे कधी आणि कसे? आणि हा मार पुरुषाला लागला काय नि बाईला लागला काय, दोघांचे परतणे सारखेच असते का?

आधी हा मार म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. डॉक्टर याला मेंदूची सौम्य दुखापत म्हणतात. आपण त्याला डोक्याचा मुका मार म्हणू. माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो, आणि खरवसासारखा मऊ असतो. कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तो तरंगत असतो. डोके आपटले किंवा मानेला जोराचा हिसका बसला म्हणजे हा मऊ गोळा आतल्या आत हेलकावतो. त्यातले अतिशय बारीक तंतू ताणले जातात. ते सावरण्यासाठी मेंदूला जास्त शक्ती लागते, आणि नेमकी त्याच वेळी ती कमी पडते. म्हणून एरवी सहज होणारे काम केले तरी माणूस थकून जातो. सीटी स्कॅनच्या चित्रात असे ताणलेले तंतू बहुधा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ आत रक्तस्राव दिसत नाही, एवढाच. माणूस दुसऱ्या दिवशी नांगर धरायला मोकळा झाला, असा त्याचा अर्थ नव्हे.

‘सौम्य’ हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली एक मोजपट्टी तयार केली. रोगी डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवतो का, हे पाहून ३ पासून १५ पर्यंत गुण द्यायचे. १३ ते १५ गुण मिळाले तर दुखापत सौम्य. शुद्ध हरपली असली तरी ती अर्ध्या तासाच्या आत परत आलेली असते. म्हणजे सौम्य हा शब्द पहिल्या दिवसाच्या मोजणीचा आहे. पुढे त्रास किती दिवस होईल, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. बहुतेक माणसे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत बरी होतात. पण काहींना डोकेदुखी, चक्कर, थकवा, झोप न लागणे, विसरभोळेपणा, उजेड आणि गोंगाट सहन न होणे हा त्रास त्यापुढेही होत राहतो.

आता घरात शिरून पाहू. समजा, घरचा कर्ता पुरुष पडला. पहिले दोन-तीन दिवस त्याची उत्तम बडदास्त राखली जाते. खाटेवर अंथरूण पडते, बायको उशाशी बसते, पोरांना दटावले जाते, "गप रे, बाबांचं डोकं दुखतंय." शेजारीपाजारी भेटायला येतात. पण चौथ्या दिवशी वारे फिरते. पेरणी तोंडावर असते, सोसायटीचे कर्ज असते, मजुरी बुडत असते. पारावर कोणीतरी म्हणतो, "काय मर्दा, एवढ्याशा टेंगळानं झोपलास?" झाले! तो उठतो. डोके दुखते हे बायकोलाही सांगत नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. तसाच ट्रॅक्टरवर बसतो, विहिरीत उतरतो, रात्री मोटार सुरू करायला जातो.

यात नुसती ऐट असते असे समजू नका. घर पोसण्याचा भार त्याच्यावर आहे असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि पुष्कळदा तो भार खराही असतो. पण मेंदू सावरलेला नसताना हात-डोळ्याचा मेळ बसत नाही, लक्ष उडते, अंदाज चुकतो. अशा वेळी दुसरा अपघात होण्याचा धोका असतो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो पहिल्यापेक्षा महागात पडतो. आणि दिवसभर दाबून ठेवलेला त्रास संध्याकाळी रागाच्या रूपाने बाहेर येतो. पोरांवर ओरडणे, ताट भिरकावणे, झोप येत नाही म्हणून दारू जवळ करणे, असे सुरू होते. बायको म्हणते, "पडल्यापासून माणूसच बदलला." माणूस बदललेला नसतो. त्याचा मेंदू थकलेला असतो आणि त्याला ते बोलून दाखवायची सोय नसते.

आता समजा, त्याच घरातली बाई पडली. तिच्या बाबतीत ‘कामावर परतणे’ हा शब्दच लागू पडत नाही. कारण काम तिने सोडलेलेच नसते! डॉक्टर सांगतात, "विश्रांती घ्या." घरचे म्हणतात, "हो हो, शेतावर नको पाठवायला. घरीच राहू दे." पण घरी राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. घरी चूल आहे, धूर आहे, पाणी आहे, धुणे आहे, गोठा आहे, सासऱ्यांची औषधे आहेत, लहान मूल आहे. भारत सरकारने २०१९ साली लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी घरची बिनपगारी कामे करताना आढळल्या. शंभर पुरुषांपैकी सुमारे २६. आणि ही कामे करणाऱ्यांत बाईचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. ही नोकरी रोजची, आणि तिला रविवार नाही. सातबाऱ्यावर नाव बहुधा धन्याचे, मजुरीच्या हिशेबात निम्मी बाजू धन्याची, आणि हे पाच तास तर कोणत्याच कागदावर नाहीत. जे काम मोजलेच नाही, त्याची रजा मागायची कोणाकडे?

शिवाय तिच्यावर विश्वास ठेवायलाही वेळ लागतो. पुरुषाने डोके धरले तर "लागलंय त्याला" म्हणतात. बाईने धरले तर, "बायकांचं डोकं दुखतंच." आठ दिवस झाले तरी उठेना, तर "नाटकं करते." वस्तू कुठे ठेवली ते विसरू लागली, दिव्याचा उजेड नको म्हणू लागली, तर कोणी अंगाऱ्याकडेही धाव घेते. बिचारीला मग स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो. भाजीत दोनदा मीठ पडले की ती स्वतःला दोष देते, "मीच वेंधळी झाले." त्या मिठाचा आणि महिन्यापूर्वीच्या पडण्याचा संबंध तिला कोणी सांगितलेलाच नसतो.

तुम्ही म्हणाल, बाईची जातच नाजूक, तिला जास्त त्रास होणारच. हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही तपासला आहे. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की सौम्य दुखापतीनंतर वर्षभरापर्यंतचा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होता, आणि त्यातही ३५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत विशेष. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेले स्त्रीचे मज्जातंतू अधिक बारीक असतात आणि तेवढ्याच ताणाने त्यांना अधिक इजा होते. म्हणजे शरीराचा काही भाग यात आहे. पण श्रोतेहो, ३५ ते ४९ हे वय आठवून पाहा. मुले शाळेत, सासू-सासरे थकलेले, शेती अंगावर. बाईवर सर्वांत जास्त भार असण्याचे हेच वय! कॅनडातल्या टोरांटो शहरातील संशोधकांनी तर २०१६ साली हाच विषय घेऊन, सौम्य दुखापतीनंतर कामावर परतणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. शरीराचा भाग किती आणि भाराचा किती, हे शास्त्रज्ञ शोधत राहतील. तंतूंची जाडी आपल्या हातात नाही. भार मात्र आपल्या हातात आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांनी मिळून फेडायची. एक जण पडला की कोयता अर्धा होतो. खाडा झाला की पैसे कापले जातात. आता या जोडीतला पुरुष डोक्यावर पडला, तर तो दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन उभा राहतो, कारण उचल त्याच्या नावावर आहे. आणि बाई पडली तर? पहाटे उठून भाकऱ्या तिनेच थापायच्या, फडात ऊस तिनेच गोळा करून बांधायचा, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपाशीही तिनेच जायचे. ज्या डोक्याला मार लागला, त्याच डोक्यावर मोळी! डॉक्टरांनी "जड उचलू नका" असे सांगितलेले असते. पण बाईच्या डोक्यावरचे ओझे ‘जड उचलण्यात’ धरतात, हे तिला किंवा तिच्या धन्याला कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, गवताचा भारा, शेणाची पाटी ही सगळी डोक्यावरची ओझी आहेत. दवाखान्यातून निघताना हे नावे घेऊन विचारा : "डॉक्टरसाहेब, हंडा कधीपासून? भारा कधीपासून?"

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही बायकांच्या डोक्याला मार लागतो तो घाटावर घसरून नाही, घरातल्याच माणसाच्या हातून. दवाखान्यात ती सांगते, "मोरीत पाय घसरला." ती त्याच घरात परत जाते, आणि पहिला मार भरण्याआधी दुसरा बसतो. आशाताई, परिचारिका, शिक्षिका यांनी अशा बाईला एकटीला बाजूला घेऊन मायेने विचारावे. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे. १८१ या क्रमांकावर स्त्रियांना मदत मिळते, आणि तातडीच्या वेळी ११२ वर.

आता उपाय काय? शेतकऱ्याला एक शब्द ठाऊक आहे तो म्हणजे वाफसा. पाऊस पडल्याबरोबर कोणी औत घालीत नाही; ओल्या रानात औत घातले तर ढेकळे होतात. पण वाफसा येऊन गेल्यावरही कोणी स्वस्थ बसत नाही, कारण रान वाळून कडक होते. मेंदूचेही तसेच आहे. पहिले एक-दोन दिवस खरी विसावण्याची गरज असते. त्यानंतर महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने फायदा होत नाही, हे आता डॉक्टर मानतात. तिसऱ्या दिवसापासून सोसेल तसे हिंडावे-फिरावे, हलके काम करावे, हळूहळू वाढवावे. काम करताना डोके थोडे दुखले आणि तासाभरात उतरले तर घाबरू नये. वाढतच गेले तर थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यावे.

आणि या पायऱ्या पुरुषाच्या नि बाईच्या वेगवेगळ्या लिहाव्या लागतात, कारण त्यांची कामे वेगळी आहेत. एक कागद घ्या. घरात कोणी लिहिणारे नसेल तर गुरुजींकडून लिहून घ्या. पडलेले माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करते, ते सगळे मांडा. बाईच्या कागदावर शेवटी दहा कामे निघाली तर नवल वाटू देऊ नका, वीस निघतील! मग त्यांचे तीन भाग पाडा. पहिल्या भागात बसून, सावलीत, शांतपणे करायची कामे : भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, पुरुषांसाठी बियाणे निवडणे, हिशेब थोडा थोडा पाहणे. दुसऱ्या भागात थोड्या श्रमाची कामे : एक वेळचा स्वयंपाक, अंगण झाडणे, शेतावर पायी फेरी. तिसरा भाग शेवटी, डॉक्टरांना विचारून : बाईसाठी डोक्यावरचे ओझे, लाथ मारणारी म्हैस, कडबाकुट्टी; पुरुषासाठी ट्रॅक्टर, मोटारसायकल, झाड, विहीर, फवारणी. जी कामे अजून त्या माणसाच्या वाट्याला आलेली नाहीत, ती कोण करील, त्याचे नाव तिथेच समोर लिहा.

हे नाव लिहिणे महत्त्वाचे आहे. नाव लिहिले नाही की काय होते, हे शिक्षक मंडळींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आई पडली की थोरल्या मुलीची शाळा सुटते. हजेरीपत्रकावर मुलीच्या नावापुढे आठ दिवस गैरहजेरी दिसली तर घरी जाऊन चौकशी करा. कागदावर तिच्या नावाशेजारी बापाचे, भावाचे, चुलत्याचे नाव लिहायला लावा. भाकरी थापायला मुलगी नऊ वर्षांची चालते, मग मुलगा चौदा वर्षांचा का चालत नाही, हा प्रश्न गुरुजींनी विचारला तर घर ऐकते.

शिक्षकांपैकी कोणाला असा मार लागला, तर शाळेतले परतणेही पायरीपायरीने व्हावे. वर्गाचा कलकलाट, खिडकीतून येणारा उजेड, दोन इयत्तांवर एकाच वेळी लक्ष, आणि वर कागदपत्रे, हे थकलेल्या मेंदूला फार होते. मुख्याध्यापकांनी सुरुवातीस अर्धा दिवस, मधे विसावा, एकच इयत्ता अशी सोय करावी. शिक्षकाने लाजू नये आणि "मला काही झालेलं नाही" असे म्हणू नये. आणि शिक्षिकेच्या बाबतीत एक विचारावे : बाई, शाळेतून अर्धी रजा मिळाली, पण चुलीकडची रजा कोणी मंजूर केली का? नाहीतर शाळेची रजा घरची तुंबलेली कामे उपसण्यात जाते आणि बाई पहिल्यापेक्षा थकून शाळेत येतात.

जाता जाता धोक्याच्या खुणा सांगून ठेवतो, त्या सर्वांनी लक्षात ठेवाव्या. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे, माणूस जागे न होणे किंवा असंबद्ध बोलणे, झटके येणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ अडखळणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांतले काहीही झाले तर वाट पाहू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखाना गाठा. म्हातारी माणसे आणि रक्त पातळ होण्याचे औषध घेणारे यांना तर मार थोडा वाटला तरी दाखवून आणा. आणि त्रास चार आठवड्यांपुढे राहिला तर, बाई असो की बाप्या, पुन्हा डॉक्टरकडे जा आणि पडल्याची तारीख सांगा. आणि मोटारसायकलवर शिरस्त्राण दोघांनी घाला. कायदा पुढच्याला सांगतो तसाच मागे बसणारीलाही सांगतो. पण पुष्कळदा पुढे धन्याच्या डोक्यावर शिरस्त्राण दिसते आणि मागे एका अंगाला बसलेल्या बाईच्या डोक्यावर नुसता पदर.

श्रोतेहो, डोक्याचा मुका मार स्वतःहून बोलत नाही. पुरुष तो बोलून दाखवीत नाही, आणि बाई बोलली तर तिचे कोणी ऐकत नाही. दोघांचेही नुकसान त्यातच होते. तेव्हा घरातल्या पुरुषाला म्हणा, "दुखतंय तर सांग, त्यात कमीपणा नाही." घरातल्या बाईला म्हणा, "तुझं काम आम्ही मोजलं आहे. आज ते आम्ही करतो." आणि म्हटल्याप्रमाणे खरोखर उठून हंडा उचला. एवढे केले तर डॉक्टरांचे औषध लागू पडेल.